‘परवानगी नाकारली’: लिनक्स डेस्कटॉपवर शेअर्ड मेमरी अडते तेव्हा

 

आजचा विषय छोटा आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याचा अख्खा दिवस खातो. काल रात्रीपर्यंत नीट चालणारा लिनक्सचा कॉम्प्युटर सकाळी सुरू होतो. डेस्कटॉप दिसतो, फाइली उघडतात, इंटरनेट चालू असतं. पण क्रोमच्या चिन्हावर क्लिक केलं की काहीच होत नाही. चूक झाल्याची खिडकीही येत नाही. टर्मिनल उघडून तिथून क्रोम चालवला, की मग चार ओळी दिसतात. त्यांचा मतितार्थ असा: डेव्ह-एसएचएम या फोल्डरात शेअर्ड मेमरी तयार करता आली नाही, परवानगी नाकारली, त्रुटी क्रमांक १३. त्याखाली क्रोम स्वतःच सल्ला देतो, की या फोल्डरच्या परवानग्या बहुधा चुकल्या आहेत, सीएचमॉड १७७७ करून पाहा.

हा सल्ला चांगला आहे. बऱ्याचदा काम त्यानेच होतं. पण तो एका कारणावरचा उपाय आहे, आणि हीच तक्रार दाखवणारी कारणं पाच-सहा आहेत. शिवाय त्या १७७७ मधला पहिला १ का आहे हे माहीत नसेल, तर माणूस तो गाळून ७७७ टाइप करतो. काम होतं, पण मशीनवर एक भोक राहून जातं. म्हणून आज आपण कमांड पाठ करणार नाही. परवानगी कुणी मागितली, कशासाठी मागितली आणि कुणी नाकारली, या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची पद्धत पाहणार आहोत.

एक सूचना. व्हिडिओत कमांड पडद्यावर दिसतात. पुस्तकात त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरं इंग्रजी आणि छोट्या लिपीतली घ्यायची. मोठं अक्षर लागेल तिथे मी सांगेन. ‘डेव्ह’ म्हणजे डी-ई-व्ही, ‘एसएचएम’ म्हणजे एस-एच-एम, ‘टीएमपी’ म्हणजे टी-एम-पी, ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ.

शेअर्ड मेमरी कशासाठी?

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामची मेमरी वेगळी असते. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही, ही भिंत कर्नल उभी करतो. ती भिंत हवीच. पण आजचा ब्राउझर म्हणजे एक प्रोग्राम नसतो, अनेक प्रक्रियांचं कुटुंब असतं. एक प्रक्रिया वेबपान वाचते, दुसरी ते पडद्यावर काढते. पहिलीने तयार केलेलं चित्र दुसरीकडे पोचवायचं असतं.

हिशेब करून पाहू. पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट. म्हणजे एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट, ८ एमबीच्या आसपास. सेकंदाला ६० चित्रं म्हटली तर जवळजवळ ५०० एमबी. एवढी माहिती दर सेकंदाला इकडून तिकडे कॉपी करत बसलो तर जुना लॅपटॉप मान टाकेल. म्हणून दोघींच्या मध्ये मेमरीचा एक सामायिक तुकडा ठेवतात. एकीने लिहायचं, दुसरीने तिथूनच वाचायचं. हीच शेअर्ड मेमरी.

लिनक्स डेस्कटॉपवर तिचे मुख्यतः तीन प्रकार भेटतात. पहिला पॉसिक्स पद्धतीचा. यात तुकड्याला नाव असतं आणि तो डेव्ह-एसएचएम फोल्डरात फाइलच्या रूपात दिसतो. दुसरा जुना, सिस्टिम-फाइव्ह पद्धतीचा. त्याला फाइल नसते, क्रमांक असतो, आणि तो पाहायला वेगळी कमांड लागते. तिसरा नवा, मेमएफडी. त्याला दिसेल असं नावच नसतं. एक प्रक्रिया दुसरीच्या हातात थेट किल्ली देते. मेमएफडी २०१४ मध्ये कर्नल ३.१७ बरोबर आलं. फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या ते वापरतात. म्हणून पुष्कळदा असं दिसतं, की त्याच मशीनवर फायरफॉक्स उघडतो आणि क्रोम उघडत नाही. लोक म्हणतात क्रोम बिघडला, पुन्हा इन्स्टॉल करा. क्रोम बिघडलेला नसतो. तो ज्या दाराने जातो ते दार बंद असतं, इतकंच.

डेव्ह-एसएचएम हे फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं. फाइलसिस्टिमचा प्रकार टीएमपीएफएस. कॉम्प्युटर बंद केला की त्यातलं सगळं जातं आणि पुढच्या वेळी ते नव्याने तयार होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१७७७ म्हणजे काय?

परवानगीचे शेवटचे तीन आकडे आपल्याला माहीत असतात: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला ७, म्हणजे वाचायला, लिहायला आणि आत जायला मोकळीक. त्याआधीचा १ म्हणजे स्टिकी बिट.

चाळीच्या गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आठवा. दोरीवर कुणीही कपडे घालावेत, पण काढताना ज्याने त्याने आपापलेच काढावेत. स्टिकी बिट हा तो नियम आहे. फोल्डरात कुणीही फाइल तयार करू शकतो, पण फाइल पुसायची किंवा तिचं नाव बदलायचं ते तिच्या मालकानेच, नाहीतर फोल्डरच्या मालकाने किंवा रूटने.

आता नुसतं ७७७ केलं तर? दोरी सगळ्यांची, आणि तिच्यावरचे कपडेही सगळ्यांचे. एक युजर दुसऱ्याची शेअर्ड मेमरीची फाइल पुसून त्याच नावाने आपली ठेवू शकतो, आणि दुसऱ्याचा प्रोग्राम ती आपली समजून वाचू लागतो. त्यातून मोठा आर लावून, म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींसकट ७७७ केलं, तर कपड्यांचे खिसेही उलटे केल्यासारखं झालं. आतल्या फाइली बहुधा ६०० परवानगीच्या असतात, म्हणजे फक्त मालकापुरत्या. त्यांत एखाद्या प्रोग्रामचा चालू मजकूर असू शकतो. तो मशीनवरच्या प्रत्येक युजरला वाचता येईल. घरात एकच लॅपटॉप आणि त्यावर चौघांची चार खाती असतील, किंवा शाळेच्या लॅबमध्ये एकाच मशीनवर वेगवेगळ्या वर्गांची खाती असतील, तर हा नुसता पुस्तकी धोका राहत नाही.

घसरगुंडीचा रस्ता

निदान न करता केलेला उपाय कसा घसरत जातो ते एकदा पाहू, कारण ही वाट फार रुळलेली आहे.

क्रोम उघडत नाही. कुणीतरी सांगतं, सुडो लावून चालव. क्रोम रूटच्या नावाने चालायला नकार देतो आणि म्हणतो, नो-सँडबॉक्स हा पर्याय दिल्याशिवाय हे चालणार नाही. माणूस तेवढाच पर्याय वाचतो आणि तो लावतो. ब्राउझर उघडतो! सगळे खूश. पण झालं काय? इंटरनेटवरचं अनोळखी पान उघडणारा प्रोग्राम आता मशीनच्या सर्वोच्च अधिकाराने चालतो आहे, आणि त्याच्याभोवतीचं कुंपणही आपणच काढलं आहे. त्याच खिडकीत पुढे बँकेचा पासवर्ड टाकला जातो. शिवाय जिथे सुडो घरचं फोल्डर तेच ठेवतो, तिथे ब्राउझरच्या प्रोफाइलमधल्या काही फाइलींचा मालक रूट होऊन बसतो. दुसऱ्या दिवशी मूळ फोल्डर दुरुस्त केलं तरी क्रोम उघडत नाही, कारण आता स्वतःच्याच प्रोफाइलमध्ये लिहायची त्याला परवानगी नाही. एका दुखण्याची दोन झाली.

आणि रूटने चालवल्यावर तो उघडला तरी का? फोल्डर ७५५ झालेलं होतं, म्हणजे फक्त मालकाला लिहिता येत होतं, आणि मालक होता रूट. म्हणजे ‘सुडोने चालतं’ ही खूण आहे, उपाय नाही. ती सांगते की अडचण परवानगीचीच आहे. आता कुठल्या परवानगीची, ते पाहायचं.

पहिली पायरी: फोल्डर पाहा

एलएस -एलडी /डेव्ह/एसएचएम

उत्तराच्या सुरुवातीला ‘डी’, मग दोनदा ‘आरडब्ल्यूएक्स’ आणि शेवटी ‘आरडब्ल्यूटी’ यायला हवं. पुढे मालक रूट, गट रूट. शेवटी ‘टी’ऐवजी ‘एक्स’ दिसला तर स्टिकी बिट गेला आहे. ‘आरडब्ल्यूएक्स, आर-एक्स, आर-एक्स’ दिसलं तर फोल्डर ७५५ झालं आहे.

यानंतर, हे फोल्डर खरंच रॅममधलं आहे का ते पाहा.

फाइंडएमएनटी /डेव्ह/एसएचएम

‘फाइंड’ला जोडून एम-एन-टी, मध्ये जागा नाही. उत्तरात टीएमपीएफएस असायला हवं. काहीच छापलं गेलं नाही, तर तिथे रॅममधली फाइलसिस्टिम बसवलेलीच नाही; ते एक साधं फोल्डर आहे, आणि साधं फोल्डर बहुधा ७५५ असतं. सीएचरूटमध्ये, म्हणजे एका लिनक्सच्या पोटात दुसरं लिनक्स चालवताना, हे हमखास घडतं.

तिसरी तपासणी वाटेची. फोल्डर ठीक असूनही त्याच्याकडे जाणारा रस्ता बंद असू शकतो.

नेमआय -एल /डेव्ह/एसएचएम

‘नेमआय’ म्हणजे एन-ए-एम-ई-आय. ही कमांड मुळापासून एकेक पायरी परवानगीसकट दाखवते. कुणी वरच्या डेव्ह फोल्डरचीच परवानगी बदलली असेल, किंवा एसएचएम ही दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक असेल, तर इथे कळतं. डेबियन आणि उबुंटूच्या काही जुन्या आवृत्त्यांत हे फोल्डर रन-एसएचएम या ठिकाणी हलवलेलं होतं. जुन्या मशीनवर त्या काळची लिंक आढळली तर दचकू नका. ती जिकडे नेते तिथली परवानगी पाहा.

शेवटी प्रत्यक्ष प्रयोग. आपल्या नेहमीच्या खात्याने, सुडो न लावता:

टच /डेव्ह/एसएचएम/चाचणी

फाइल तयार झाली तर दार उघडं आहे. ती पुसून टाका आणि पुढच्या पायरीकडे जा. नाही झाली तर दोष फोल्डरात आहे.

फोल्डर बिघडलं असेल तर

आता क्रोमचा सल्ला लागू पडतो.

सुडो सीएचमॉड १७७७ /डेव्ह/एसएचएम

मालक बदललेला दिसला तर तोही सीएचओनने परत रूट करून घ्या. ब्राउझर लगेच उघडेल, रीस्टार्टची गरज नाही.

पण इथे थांबू नका. मघाशी म्हटलं, की हे फोल्डर प्रत्येक वेळी नव्याने तयार होतं. मशीन सुरू होताना सिस्टिमडी ते १७७७ परवानगीनेच बसवतो. म्हणजे एकदा रीस्टार्ट करून पाहणं हीसुद्धा एक तपासणी आहे. रीस्टार्टनंतर सगळं ठीक असेल, तर कुणीतरी एकदाच हाताने परवानगी बदलली होती, विषय संपला. पण रीस्टार्टनंतर फोल्डर पुन्हा बिघडलेलं दिसलं, तर मशीन सुरू होताना कुणीतरी दर वेळी ते बिघडवतं आहे. ते शोधा.

सुडो ग्रेप -आरएन एसएचएम /ईटीसी

यात एखादी स्टार्टअप स्क्रिप्ट, एखादी सिस्टिमडीची सेवा, टीएमपीफाइल्सचा एखादा नियम किंवा एफएसटॅबमधली ओळ सापडते. बहुधा कुणीतरी कधीकाळी सुरक्षा वाढवायला म्हणून नाहीतर रॅम-डिस्क करायला म्हणून लिहिलेली असते, आणि लिहिणारा केव्हाच विसरलेला असतो.

एफएसटॅबबद्दल एक बारीक पण उपयोगी गोष्ट. टीएमपीएफएस पहिल्यांदा बसवताना दिलेला मोड लागू होतो. तीच फाइलसिस्टिम पुन्हा माउंट करताना, म्हणजे रिमाउंट करताना, दिलेला मोड लागू होत नाही. आकार मात्र बदलतो. म्हणून ‘रिमाउंट, मोड १७७७’ असा उपाय कुणी सांगितला आणि फरक पडला नाही, तर चक्रावू नका. चालू फाइलसिस्टिमवर सीएचमॉडच हवा. सिस्टिमडी नसलेल्या काही मशीनवर मात्र एफएसटॅबमधली ओळच पहिल्यांदा फोल्डर बसवते, त्यामुळे तिथला चुकीचा मोड थेट अंगावर येतो.

सीएचरूटचं प्रकरण असेल, तर बाहेरच्या मशीनचं डेव्ह-एसएचएम आतल्या त्याच जागी माउंटच्या बाइंड पर्यायाने जोडून द्या. आतल्या साध्या फोल्डरला १७७७ केलं तर काम चालल्यासारखं वाटेल, पण मग शेअर्ड मेमरी म्हणून प्रत्यक्षात डिस्क वापरली जाईल.

फोल्डर ठीक आहे, पण एकच प्रोग्राम अडतो

टचची चाचणी पास झाली, तरी एखादा प्रोग्राम १३ क्रमांकाची त्रुटी देतो. आता तो नेमकी कुठली फाइल मागतो आहे ते पाहायचं. त्यासाठी एसट्रेस.

एसट्रेस -एफ -ओ /टीएमपी/नोंद प्रोग्रामचं-नाव

मग त्या नोंदीत एसएचएम शोधा. ज्या ओळीच्या शेवटी ‘ईअ‍ॅक्सेस’ आहे, त्या ओळीत फाइलचं पूर्ण नाव असतं. आपल्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं या एका ओळीत मिळतात. आता त्या फाइलचा मालक पाहा.

बहुतेक वेळा मालक रूट किंवा त्या मशीनवरचा दुसरा युजर निघतो. कुणीतरी तो प्रोग्राम एकदा सुडोने चालवला, त्याने ठरावीक नावाची फाइल तयार केली आणि बंद होताना ती मागे ठेवली. आता नेहमीच्या युजरने तोच प्रोग्राम चालवला, की तो त्याच नावाची फाइल उघडायला जातो आणि दार बंद. फाइलच्या नावाची सुरुवात ‘सेम’ आणि टिंबाने होत असेल तर तो सेमाफोर, म्हणजे ‘आता माझी पाळी, आता तुझी’ हे ठरवणारी खूण. पायथनचं मल्टिप्रोसेसिंगही त्यावर चालतं, म्हणून पायथनच्या प्रोग्रामला कुलूप तयार करताना हीच १३ क्रमांकाची त्रुटी येऊ शकते.

उपाय: ती फाइल कुणी वापरत नाही ना याची फ्यूझर किंवा एलएसओएफने खात्री करा, आणि फक्त तेवढीच एक फाइल सुडोने पुसा. सगळं फोल्डर रिकामं करू नका. त्यात इतर चालू प्रोग्रामांच्या फाइली असतात. रीस्टार्टनेही ती फाइल जाते. मात्र ती सारखी परत येत असेल, तर कुठली सेवा तो प्रोग्राम रूटच्या नावाने चालवते ते शोधायला हवं.

रूटलाही नकार?

आता एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. फोल्डर १७७७ आहे, फाइल एका युजरची आहे, रूटने ती उघडायला घेतली, तरी परवानगी नाकारली! रूटला कोण नाकारणार?

कर्नलच नाकारतो. २०१८ मध्ये कर्नल ४.१९ मध्ये प्रोटेक्टेड-रेग्युलर नावाचा नियम आला आणि २०१९ मध्ये सिस्टिमडी २४१ पासून तो आपोआप चालू होऊ लागला. नियम असा: सगळ्यांना लिहिता येणाऱ्या स्टिकी फोल्डरात, ‘नसेल तर तयार कर’ असं म्हणत एखादी फाइल उघडायला गेलात, आणि ती आधीच तिथे असून दुसऱ्याच्या मालकीची निघाली, तर नकार. फाइलचा मालक आणि फोल्डरचा मालक एकच असेल तर सूट.

कारण समजलं की नियम पटतो. समजा, एखाद्या लबाड युजरला माहीत आहे की रूटची अमुक सेवा अमुक नावाची फाइल तयार करते. त्याने त्या नावाची फाइल आधीच करून ठेवली. सेवेला वाटतं फाइल आपली, आणि ती आपला मजकूर त्यात लिहिते. हा सापळा टाळायला हा नियम आहे.

सिस्टिमसीटीएल किंवा एलएस तुम्हाला हे सांगणार नाही. ‘सिसीटीएल’ म्हणजे एस-वाय-एस-सी-टी-एल ही कमांड घ्या, एफएस-टिंब-प्रोटेक्टेड-अंडरस्कोर-रेग्युलर हे नाव द्या, आणि किंमत पाहा. १ किंवा २ असेल तर नियम चालू आहे. ती ० करून प्रश्न सोडवू नका. तो अख्ख्या मशीनचा नियम आहे. दोन्ही बाजूंचे प्रोग्राम एकाच युजरने चालवा, किंवा प्रोग्राम आपला असेल तर आधीपासून असलेली फाइल उघडताना ‘तयार कर’ हा झेंडा काढा.

सँडबॉक्स, कंटेनर आणि जुनी पद्धत

प्रोग्राम स्नॅप किंवा फ्लॅटपॅकने घेतलेला असेल, तर नकार देणारा तिसराच असू शकतो. स्नॅपमधल्या प्रोग्रामावर अ‍ॅपआर्मरचे नियम असतात आणि शेअर्ड मेमरीच्या फाइलचं नाव ‘स्नॅप’ आणि त्या स्नॅपच्या नावाने सुरू व्हावं लागतं. वेगळं नाव मागितलं तर नकार. फ्लॅटपॅकमध्ये आतलं डेव्ह-एसएचएम बाहेरच्यापेक्षा वेगळं असतं. बाहेरचं हवं असेल तर त्या प्रोग्रामला वेगळी परवानगी द्यावी लागते. अशा वेळी बाहेरच्या फोल्डरवर कितीही सीएचमॉड केला तरी उपयोग नाही. कर्नलची नोंद पाहा:

जर्नलसीटीएल -के

तिथे अ‍ॅपआर्मरच्या नावापुढे ‘डिनाइड’ असा शब्द दिसला, तर नाकारणारा सापडला.

सिस्टिम-फाइव्ह प्रकारची मेमरी मात्र या फोल्डरात दिसतच नाही. ती पाहायला:

आयपीसीएस -एम

यात तुकड्याचा क्रमांक, मालक, परवानगी, आकार आणि सध्या किती प्रक्रिया जोडलेल्या आहेत ते दिसतं. एक्स-११ या जुन्या खिडकी-व्यवस्थेत प्रोग्राम चित्रं पाठवायला हीच पद्धत वापरतात. कंटेनरमधून खिडकीवाला प्रोग्राम चालवला आणि ‘बॅडअ‍ॅक्सेस’, ‘एसएचएम-अटॅच’ असे शब्द आले, तर कंटेनरमधला क्रमांक बाहेरच्या एक्स सर्व्हरला ओळखू येत नाही असं समजा. दोघांचं आयपीसीचं जग वेगळं आहे. डॉकरला आयपीसी-होस्ट हा पर्याय दिला की जग एक होतं, पण कंटेनरचं वेगळेपण तेवढं कमी होतं. क्यूटीवर बांधलेल्या प्रोग्रामांसाठी एमआयटी-एसएचएम बंद करणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्याने चित्र थोडं हळू येतं, पण दार उघडावं लागत नाही. वेलँडमध्ये क्रमांक किंवा नाव न देता थेट किल्लीच हातात दिली जाते, त्यामुळे हा प्रकार तिथे येत नाही.

परवानगी नव्हे, जागा

एक सारखी दिसणारी, पण वेगळी तक्रार. त्रुटी क्रमांक १३ ऐवजी २८ असेल, तर परवानगीचा काही संबंध नाही. जागा संपली आहे. या फोल्डराची कमाल मर्यादा मुळात रॅमच्या निम्मी असते. ८ जीबी रॅमच्या मशीनवर साधारण ४ जीबी. डीएफ -एच करून पाहा.

इथे एक फसवं वळण आहे. टीएमपीएफएस जागा आधीपासून राखून ठेवत नाही, प्रत्यक्ष लिहिताना देतो. त्यामुळे तुकडा तयार होताना सगळं ठीक असतं आणि मध्येच प्रोग्राम ‘बस एरर’ म्हणून मरतो. डॉकरमध्ये हे वारंवार दिसतं, कारण तिथे डेव्ह-एसएचएम फक्त ६४ एमबीचं असतं. तिथे एसएचएम-साइज हा पर्याय वाढवा. दुसरं असं, की क्रोमसारखे प्रोग्राम फाइल उघडल्याबरोबर तिचं नाव पुसून टाकतात. एलएसला फोल्डर रिकामं दिसतं आणि डीएफला भरलेलं. दोन्ही खरं बोलतात. नाव गेलं, पण प्रोग्राम चालू आहे तोवर मेमरी अडकलेली असते.

लॅब सांभाळणाऱ्यांसाठी

शाळा, वाचनालय किंवा संस्थेतली मशीनं सांभाळणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, ‘क्रोम उघडला नाही तर ही कमांड मारा’ असा कागद भिंतीवर चिकटवलेला असेल, तर तो दर रीस्टार्टला लागतो आहे का ते पाहा. लागत असेल तर कारण ईटीसीमध्ये बसलेलं आहे; ते काढा आणि कागदही काढा. दुसरी, मुलांच्या खात्यांना सुडो देऊन प्रश्न सोडवू नका. त्यातूनच रूटच्या मालकीच्या फाइली मागे राहतात आणि पुढच्या तासाच्या मुलांना अडवतात. तिसरी, सुरक्षेसाठी या फोल्डरावर नोएक्झेक लावायचा असेल तर जरूर लावा, पण आधी एका मशीनवर लावून नेहमीचे सगळे प्रोग्राम चालवून बघा. त्या मेमरीतून कोड चालवू पाहणारा एखादा प्रोग्राम असेल तर तो अडेल, आणि त्या वेळी त्रुटी १३ नव्हे, ईपर्म म्हणजे १ क्रमांकाची येईल.

तर क्रम असा. आधी त्रुटीचा क्रमांक वाचा: १३ की २८. मग फोल्डर, माउंट आणि वाट पाहा. मग टच करून प्रयोग. फोल्डर चुकलं असेल तर १७७७, पहिल्या १ सकट, आणि रीस्टार्ट करून ते टिकतं का ते पाहा. फोल्डर ठीक असेल तर एसट्रेसने फाइलचं नाव काढा आणि तिचा मालक पाहा. तिथेही काही नसेल तर कर्नलची नोंद. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आणि उपाय निवडताना सगळ्यांत लहान उपाय निवडा: एका फाइलने भागत असेल तर फोल्डरला हात लावू नका, एका फोल्डरने भागत असेल तर मशीनचा नियम बदलू नका.

तुमच्या मशीनवर याहून वेगळं काही आढळलं, तर एलएस आणि फाइंडएमएनटीचं उत्तर जसंच्या तसं जवळ ठेवा. ज्याला विचाराल, तो आधी तेच मागेल.